रूपक व मेटॅफर

शालेय इंग्रजीच्या अध्यापनात ‘सिमिली’ म्हणजे उपमा व ‘मेटॅफर’ म्हणजे रूपक, असे समीकरण रूढ आहे. पहिले बरेचसे निर्दोष आहे. दुसरे तसे नाही. लोणावळ्याजवळील तुंगार्लीच्या तलावाचे उदाहरण घेतल्यास ‘तलाव आरशासारखा आहे’ ही उपमा व ‘तलाव म्हणजे आरसाच’ हे रूपक होय. रूपकात उपमेय व उपमान दोन्ही उक्त असून त्यांत अभेद कल्पिलेला असतो. परंतु तलावाचे नावही न घेता ‘डोंगराच्या कुशीत आरसा चमकला’ असे म्हटल्यास (‘कुशीत’मधील चेतनगुणोक्ती येथे बाजूस ठेवली आहे) उपमानाने उपमेय गिळलेले असते. संस्कृत आलंकारिक यास अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात. इंग्रजीत मात्र हाही मेटॅफरच. ॲरिस्टॉटलची मेटॅफरची कल्पना तर याहून व्यापक आहे : जातीचे नाव उपजातीस देणे हेही तिच्यात मोडते. मराठी शालेय व्याकरणात अतिशयोक्ती बहुधा ‘फुगवून सांगणे’ एवढ्याच अर्थाने शिकविली जात असल्याने हा भेद विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही.

रूपक ही संज्ञा आधीच भारावलेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील चार अलंकारांत ती आहे. धनंजयाच्या दशरूपकात ती नाट्यप्रकारांची वाचक आहे. मराठीत ‘ॲलिगरी’साठीही रूपककथा हाच शब्द योजतात. तेव्हा मेटॅफर हा शब्द तसाच ठेवून त्यात उपमेय उक्त की अनुक्त, एवढे विद्यार्थ्यास विचारणे अधिक उपयुक्त ठरते. कवितेचा अर्थ बहुधा त्या अनुक्त उपमेयापाशीच अडलेला असतो.