'अपोडा' : पायांविना नाव

शास्त्रीय नाम म्हणजे पक्ष्याचे यथार्थ वर्णन, हा अध्यापनात रूढ असलेला समज व्युत्पत्तीच्या कसोटीवर टिकत नाही. न्यू गिनी परिसरातील मोठ्या स्वर्गपक्ष्याला लिनियसने १७५८ मध्ये 'अपोडा' हे जातिनाम दिले. ग्रीक 'अ' म्हणजे विना, 'पूस' म्हणजे पाय. (संस्कृत 'अपाद' हा त्याचा सगोत्र शब्द होय.) वस्तुतः या पक्ष्याला चांगले बळकट पाय असतात. व्यापारासाठी कातडी तयार करताना ते काढून टाकले जात आणि तशाच कातड्या युरोपात पोहोचल्या. अर्थ अयथार्थ ठरला म्हणून नामकरणाच्या नियमांनुसार प्रस्थापित नाव रद्द होत नाही. साहजिकच 'अपोडा'तून पक्ष्याच्या शरीररचनेपेक्षा त्या व्यापाराचाच इतिहास अधिक कळतो. पाकोळीच्या 'एपस' या नावातही हेच मूळ आहे. तिचे पाय मात्र खरोखरच अत्यंत आखूड असतात.