चुकांची यादी आणि सवलतींची यादी

स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रामवर व्याख्यान म्हटल्यावर काहींच्या मनात आलं असेल, यात समीक्षा करण्यासारखं आहे तरी काय? बरंच आहे. अनेक जण मिळून ज्या कोडवर काम करतात त्या रिपॉझिटरीच्या दारात आता एक तपासनीस यंत्र बसलेलं असतं. तुम्ही पुल रिक्वेस्ट पाठवली की ते शब्द चाळतं आणि एखादा शब्द खटकला की लाल फुली मारतं. पुष्कळ प्रकल्पांत ती फुली निघेपर्यंत तुमचं काम मर्ज होत नाही. म्हणजे यंत्राच्या हाती नकाराधिकार आला. ज्याच्या हाती नकाराधिकार, त्याची समीक्षा व्हायलाच हवी.

आधी हे चालतं कसं ते पाहू. स्पेलिंग तपासायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत अशी, की बरोबर शब्दांचा कोश ठेवायचा आणि त्यात नसलेलं सगळं संशयास्पद मानायचं. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७५ साली युनिक्ससाठी ‘स्पेल’ लिहिला तो याच धर्तीवर. डग मॅकिलरॉय यांनी पुढे तो सुधारला. पत्र, लेख, अहवाल यांना ही रीत मानवते. कोडला लावली की मात्र फुल्यांचा पाऊस पडतो. कोडमध्ये व्हेरिएबलची नावं असतात, संक्षेप असतात, माणसांची नावं असतात. ती कुठल्या कोशात सापडणार?

दुसरी रीत उलटी आहे. बरोबर शब्दांऐवजी नेहमीच्या चुकांचीच यादी ठेवायची. ‘द’ लिहिताना टी-ई-एच पडणं, ‘रिसीव्ह’मध्ये ई आणि आय यांची अदलाबदल होणं, अशा चुका आणि प्रत्येकीसमोर बरोबर रूप. ‘कोडस्पेल’ हा प्रोग्राम असाच आहे. त्याची यादी मुळात विकिपीडियावरच्या चुकांच्या यादीवरून तयार झाली. लिनक्स कर्नलमध्येही अशी एक फाइल आहे. एका ओळीत चुकीचं रूप, मग दोन उभ्या रेघा, मग बरोबर रूप. ती डेबियनच्या ‘लिंटियन’ प्रकल्पावरून घेतली आणि त्यातले खोटे इशारे काढून टाकले, असं तिच्या माथ्यावरच नोंदवलेलं आहे.

ही दुसरी रीत मला मनापासून पटते. जे ठाऊक नाही त्याबद्दल ती गप्प बसते. ‘कुलकर्णी’ हे आडनाव रोमन लिपीत लिहिलं तर इंग्रजी कोशवाली रीत त्याला चूक ठरवेल. चुकांची यादी त्याच्या वाटेला जाणार नाही. आपल्यासारख्या, इंग्रजी घरची भाषा नसलेल्या लोकांना हा फरक लहान नाही.

आता उणीव. यंत्राला शब्द दिसतो, पण तो शब्द कुठल्या कामावर आहे हे दिसत नाही. कॉमेंटमधला शब्द हा नुसता मजकूर असतो, तो खुशाल दुरुस्त करा. पण फंक्शनचं नाव बाहेरच्या जगाने वापरायला घेतलं, की ते नाव हा एक करार झाला. याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण वेबवर आहे. तुम्ही कुठल्या पानावरून आलात हे ब्राउझर सर्व्हरला ज्या हेडरमधून सांगतो, त्या ‘रेफरर’च्या स्पेलिंगमध्ये एक ‘आर’ कमी आहे. १९९६ सालच्या एचटीटीपीच्या आरएफसी १९४५ मध्ये तो तसाच छापला गेला आणि आजही तसाच चालतो. पुढे ‘रेफरर-पॉलिसी’ नावाचा हेडर आला, त्यात स्पेलिंग बरोबर आहे. म्हणजे आज दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदतात, आणि पहिलं कुणी ‘सुधारलं’ तर प्रोग्राम बंद पडेल.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. बरीच मुक्त सॉफ्टवेअर भाषांतरासाठी ‘गेटटेक्स्ट’ वापरतात. त्यात मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. आता त्या वाक्यातली एका अक्षराची चूक कुणी सुधारली तर काय होतं? किल्ली बदलते. मग मराठी, तमिळ, फ्रेंच, सगळ्या भाषांतली ती नोंद ‘फझी’ ठरते, म्हणजे पुन्हा तपासायच्या रांगेत जाते. आणि फझी नोंदी नेहमीच्या पद्धतीत तयार फाइलमधून वगळल्या जातात. मराठीत नीट वाचता येणारं वाक्य पुढच्या आवृत्तीत इंग्रजीत दिसू लागतं! इंग्रजी शुद्ध झालं, त्याची किंमत मराठी वाचणाऱ्याने मोजली. यावर उपाय आहे. ‘पो-फोर-ए’ या साधनसंचातलं ‘एमएसजी-अनटायपॉट’ हे साधन नेमकं याचसाठी आहे. ते सगळ्या भाषांच्या फाइलींतली किल्ली एकदम बदलतं. पण ते चालवायला हवं हे माणसाला सुचावं लागतं. फुली मारणारं यंत्र ते सांगत नाही.

मग हे शहाणपण रिपॉझिटरीत साठतं कुठे? वगळायच्या शब्दांच्या यादीत. मी तिला सवलतींची यादी म्हणतो. मॅटप्लॉटलिब हा आलेख काढणारा पायथनचा प्रकल्प घ्या. तिथे ‘हिस्ट’ म्हणजे हिस्टोग्राम, ‘व्हिस’ म्हणजे बॉक्सप्लॉटची मिशी. एका मॉड्यूलच्या नावात ‘कर्व्हिलिनियर’ऐवजी ‘कर्व्हलिनियर’ आहे, आणि लोकांच्या प्रोग्राममध्ये ते तसंच वापरात आहे. अशा शब्दांना सवलत द्यावीच लागते. पण या तिघांचं कारण वेगळं आहे ना? पहिले दोन संक्षेप, तिसरी जुनी चूक, जी आता करार बनली आहे. सवलतींच्या यादीत मात्र असे शब्द बहुधा नुसते एकाखाली एक उभे असतात. कारण नाही, मर्यादा नाही. परिणाम असा, की एका फाइलीसाठी सोडलेला शब्द अख्ख्या रिपॉझिटरीत सुटतो, आणि उद्या तीच खरी चूक झाली तरी यंत्र डोळे मिटून घेतं.

म्हणून माझा आक्षेप यंत्रावर कमी आणि त्याला बसवून निघून जाणाऱ्यांवर जास्त आहे. कॉमेंट आणि दस्तऐवज यांपुरती त्याने फुली मारावी, हरकत नाही. सार्वजनिक नावं आणि भाषांतरित वाक्यं यांवर त्याने फक्त इशारा द्यावा, निर्णय माणसाने घ्यावा. आणि सवलतींच्या यादीत प्रत्येक शब्दामागे एका ओळीचं कारण असावं. कोडस्पेलमध्ये ठरावीक ओळीपुरती सूट देण्याची सोयसुद्धा आहे, ती वापरावी.

शेवटी नवख्या माणसाचा विचार करा. पहिलीच पुल रिक्वेस्ट, इंग्रजी तिसरी भाषा, आणि समोर लाल फुली. स्पेलिंग बदलायचं, की शब्द सवलतीच्या यादीत टाकायचा? हे त्याला कोण सांगणार? कारणं लिहिलेली यादी असेल तर ती वाचूनच त्याला प्रकल्पाची बोली कळेल. तुमच्या रिपॉझिटरीतली ती फाइल आज एकदा उघडून बघा, आणि कारण आठवत असेल तोवर लिहून ठेवा.