लोह, सोने आणि मात्रेचा हिशेब

शरीरातली गाठ नीट दिसावी म्हणून लोह आणि सोने एकाच नॅनोकणात बांधण्याचे संशोधन गेली वीस वर्षे जगभर चालू आहे. लोहऑक्साइडचा चुंबकीय गाभा एमआरआयमध्ये दिसेल, वरचे सोने सीटी स्कॅनमध्ये किंवा लेझरच्या प्रकाशात दिसेल, म्हणजे एका इंजेक्शनात दोन तपासण्या होतील, असा त्यामागचा विचार आहे. या विषयावर शोधनिबंधांचे ढीग साचले. रुग्णालयातल्या रोजच्या वापरात मात्र असा एकही संकरित कण आलेला नाही. असे का झाले, आणि या कामातले पुढे नेण्याजोगे काय, याचा विचार आता करायला हवा.

अहिल्यानगर जिल्ह्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत विस्तीर्ण जिल्हा. अकोले तालुक्याच्या डोंगरातला किंवा जामखेडकडचा रुग्ण मोठ्या तपासणीसाठी अहिल्यानगर शहर, लोणी किंवा थेट पुणे गाठतो. एका फेरीत दोन तपासण्या उरकल्या तर त्याची मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत आलेल्या माणसाचा दिवस वाचतो. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे विद्यार्थी नॅनोकणांवर काम करत असतात. रुग्ण आणि प्रयोगशाळा दोन्ही इथेच आहेत.

आधी लोहाचे पाहू. मॅग्नेटाइट या लोहऑक्साइडचा कण वीस नॅनोमीटरच्या खाली गेला की तो बाहेरचे चुंबकीय क्षेत्र असेपर्यंतच चुंबकासारखा वागतो. क्षेत्र काढले की शांत होतो, त्यामुळे रक्तात त्याच्या गुठळ्या सहसा होत नाहीत. यावर आधारलेले ‘फेरिडेक्स’ हे इंजेक्शन यकृताच्या एमआरआयसाठी अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाले आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस बाजारातून गेले. त्याची एक अडचण वैद्यकीय होती. हे कण चित्रात काळा डाग पाडतात, आणि रक्तस्राव, हवा किंवा कॅल्शियमही काळेच दिसते. डॉक्टरांना उजळ खूण हवी असते, ती गॅडोलिनियम या धातूची इंजेक्शने देत होती.

पण गॅडोलिनियमचीही दुसरी बाजू पुढे आली. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या कातडीत व ऊतींत येणाऱ्या गंभीर काठिण्याशी त्याचा संबंध २००६ मध्ये लक्षात आला. २०१४ मध्ये मेंदूत त्याचा अंश उरत असल्याची लक्षणे दिसली, आणि २०१७ मध्ये युरोपने त्याच्या काही प्रकारांवर निर्बंध आणले. लोह शरीराच्या ओळखीचे आहे. यकृत आणि प्लीहा ते मोडतात आणि रक्त तयार करायला वापरतात. म्हणून लोहाकडे पुन्हा लक्ष गेले ते योग्यच झाले.

सोन्याची गोष्ट महाराष्ट्राच्या अधिक जवळची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी, चपटे नॅनोकण तयार केले. तो निबंध ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये आला. गोल सोनेरी कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात, तो रक्तही शोषते. त्रिकोणी कण ७०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश शोषतात, आणि हाच प्रकाश ऊतींत काही सेंटिमीटर आत जातो. त्याच गटाने कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोन्यावर चांदीचे कवच असलेले कणही बनवले. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांनी गाभा-कवच कणांचा अभ्यास रुजवला, मुंबईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादूर यांनी चुंबकीय कणांचा. पाया भक्कम होता.

त्या पायावर पुढे काय उभे राहिले? एकेका वनस्पतीचे पान घ्यायचे, उकळायचे, रंग बदलला की निबंध लिहायचा, अशी वाट पडली. पान बदलले, प्रश्न तोच राहिला. फेराइट या लोहयुक्त चुंबकीय पदार्थांच्या कामातही झिंक किंवा कोबाल्टचे प्रमाण थोडे बदलून तेच आलेख पुन्हा काढले जातात. विद्यार्थ्याची मेहनत खरी असते, पण ती रुग्णापर्यंत नेणारा प्रश्न त्याच्यापुढे कोणी ठेवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

संकरित कण बनवणे किती अवघड, हे टेबलाशी उभे राहिले की कळते. फेरस आणि फेरिक क्लोराइड एकास दोन प्रमाणात घेऊन अमोनिया घातला की चंचुपात्र क्षणात काळे होते. बाहेरून चुंबक लावला की काळा गाळ भिंतीशी गोळा होतो. आता त्यावर सोने चढवायचे. क्लोरोऑरिक आम्ल घातल्यावर द्रव लालसर झाला, म्हणजे सोन्याचे कण तयार झाले एवढेच सिद्ध होते. सोने मॅग्नेटाइटवर सहजी बसत नाही, त्याचे वेगळेच कण तयार होतात. म्हणून मध्ये सिलिका किंवा पॉलिमरचा थर द्यावा लागतो. चुंबक लावून काळा भाग बाजूला काढल्यावर वरचा द्रव लालच राहिला, तर सोने सुटेच आहे. ही साधी परीक्षा अनेक निबंधांत दिसत नाही.

कवच बसले तरी त्याची किंमत मोजावी लागते. दहा नॅनोमीटर व्यासाच्या मॅग्नेटाइटवर दोन नॅनोमीटर जाडीचे सोने चढवले, तर सोने जड असल्यामुळे त्या कणाच्या वजनात मॅग्नेटाइट जेमतेम १३ टक्के उरते. दर ग्रॅममागचे चुंबकत्व सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते. शिवाय पाण्याचे रेणू गाभ्यापासून दूर ढकलले जातात, आणि एमआरआयचा परिणाम त्यांच्यावरच अवलंबून असतो. म्हणजे सोने चढवताना लोहाचे काम कमी होते.

खरी गोम मात्रेत आहे. ६० किलोच्या माणसाला फेरिडेक्समधून सुमारे ३४ मिलिग्रॅम लोह दिले जाई. सीटीसाठी मात्र साधारण ८० मिलिलिटर औषधातून २४ ग्रॅम आयोडीन जाते. सोने अनुकूल ऊर्जेला वजनाच्या हिशेबात आयोडीनपेक्षा सुमारे २.७ पट क्ष-किरण शोषते. तेव्हा तितकाच परिणाम हवा तर नऊ ग्रॅम सोने लागेल, म्हणजे सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याला जेमतेम एक ग्रॅम कमी, तेही एका तपासणीला. आयोडीन लघवीवाटे निघून जाते. मोठे सोनेरी कण यकृतात आणि प्लीहेत बसून राहतात. एकाला मिलिग्रॅम पुरतात, दुसऱ्याला ग्रॅम लागतात, अशा दोघांना एकाच कणात बांधून सीटी आणि एमआरआय दोन्ही साधत नाही. उंदरावर ते साधते, कारण उंदीर २० ग्रॅमचा असतो. गाठीपर्यंत कण पोचतात म्हणावे, तर २०१६ च्या एका व्यापक आढाव्यात टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणारा हिस्सा मध्यकाने ०.७ टक्के निघाला.

म्हणून लोह-सोन्याच्या जोडीने सीटीचा नाद सोडावा आणि जिथे थोडी मात्रा पुरते तिथे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तशी जागा आहे लसीकाग्रंथींची. स्तनाचा किंवा तोंडाचा कर्करोग पसरला का, हे पाहायला पहिली लसीकाग्रंथी शोधावी लागते. त्यासाठी किरणोत्सारी टेक्नेशियम टोचतात. त्याचा अर्धायुकाल सहा तासांचा, आणि न्यूक्लिअर मेडिसिनची सोय तालुक्याच्या गावात नसते. चुंबकीय द्रव टोचून हातातल्या शोधकाने ग्रंथी हुडकण्याची पद्धत ब्रिटन आणि नेदरलँड्समधील रुग्णांवर तपासली गेली आणि ती जुन्या पद्धतीच्या तोडीची ठरली. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने स्तनाच्या कर्करोगासाठी तिला मान्यता दिली. तिच्यात उणिवाही आहेत. टोचल्या जागी लोह मागे राहते, कातडीवर तपकिरी डाग पडतो, पुढचा एमआरआय बिघडतो. इथे सोन्याची मदत होऊ शकते. काखेतल्या आणि मानेतल्या ग्रंथी कातडीपासून फार खोल नाहीत, तेव्हा लेझर टाकून सोन्यातून उठणाऱ्या ध्वनिलहरी टिपता येतात. त्यामुळे लोह कमी ठेवता येईल का, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. तंबाखू आणि मशेरीने तोंडाचे कर्करोग ओढवून घेतलेल्या आपल्या भागाला त्याचे उत्तर हवे आहे.

त्यासाठी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना अब्जावधींची यंत्रे लागत नाहीत. चुंबकाने वेगळे करून सुटे सोने मोजणे, रक्तद्रवात कण आठवडाभर टिकतात का ते पाहणे, एकच कण दहा वेळा बनवून आकार तोच येतो का हे तपासणे, ही कामे इथे होऊ शकतात. २०१९ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यातही गुणवत्ता आणि सातत्य यांवर भर आहे. लोणीसारख्या ठिकाणचे शल्यचिकित्सक आणि विज्ञान महाविद्यालयांतले प्राध्यापक एका टेबलाशी बसले, तर प्रश्न रुग्णाकडून येईल. मग प्रत्येक नव्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर एक ओळ सक्तीची करावी: हा कण माणसाला किती मिलिग्रॅम द्यावा लागेल, आणि नंतर तो शरीरातून कुठे जाईल. ही ओळ ज्याला लिहिता येईल, त्याच कणावर पुढचा पैसा खर्च व्हावा.