प्रोनिनचा परका माणूस

सोव्हिएत चित्रपट म्हटला की आपल्याकडचे रसिक आयझेनस्टाईन आणि तारकोव्हस्की यांच्यापाशी थांबतात. फार तर चुखराईपर्यंत जातात. वसिली प्रोनिन हे नाव सहसा निघत नाही. वास्तविक त्याच्या एका चित्रपटाचा नायक आपल्याच मुलखातून, चौल, जुन्नर, बिदर या वाटेने गेलेला आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासमवेत त्याने दिग्दर्शित केलेला ‘परदेशी’ (१९५७) हा तो चित्रपट. मॉसफिल्म आणि अब्बास यांची ‘नया संसार’ यांनी तो हिंदी व रशियन अशा दोन्ही भाषांत काढला.

प्रोनिन हा काही थोर दिग्दर्शक नव्हे. पण त्याला एक विषय सापडलेला होता: परक्या दारात उभा असलेला माणूस. कातायेवच्या कथेवरील ‘पलटणीचा मुलगा’ (१९४६) मध्ये अनाथ वान्याला तोफखान्याचे सैनिक आपलेसे करतात. टॉलस्टॉयच्या ‘कोसाक’ वरील चित्रपटात (१९६१) मॉस्कोचा ओलेनिन खेड्यावर जीव टाकतो, आणि खेडे मात्र त्याला आपला मानीत नाही. ‘परदेशी’ या दोहोंच्या मधला.

त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन एक घोडा घेऊन पंधराव्या शतकात बहामनी राज्यात आला. ही भूमिका ओलेग स्त्रिझेनॉव्हने देखण्या संयमाने केली आहे. बलराज साहनी, पद्मिनी, महमूद गवानच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर, आणि नर्गिसची चंपा. म. रा. आचरेकरांचे कलादिग्दर्शन आणि अनिल विश्वासांचे संगीत आजही टवटवीत वाटते. (‘रसिया रे’ साठी मी चित्रपटाचे बरेच अपराध पोटात घालायला तयार आहे!)

परंतु निकितिनच्या प्रवासवर्णनात चंपा कुठेच नाही. तिथे आहे तो जुन्नरचा पावसाळा: चार महिने जिकडे तिकडे पाणी आणि चिखल. तिथे असदखान त्याचा घोडा हिसकावतो आणि धर्म बदललास तर घोडा देतो, वर हजार सोन्याची नाणी देतो, म्हणतो. एक खुरासानी मुसलमान, महंमद, त्याला त्यातून सोडवतो. बिदरमध्ये आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत असे त्याने हिंदूंना सांगितले, तेव्हा ते आपले जेवणखाण आणि पूजाअर्चा त्याच्यापासून लपवेनासे झाले. दार किलकिले होण्याचा हा प्रसंग कोणत्याही प्रेमकथेहून मोलाचा आहे. प्रोनिनसारख्याच्या हाती तो यायला हवा होता. पण १९५५ च्या क्रुश्चेव्ह भेटीनंतरचे ते दिवस ‘हिंदी-रूसी भाई-भाई’ चे. पडद्यावर मैत्री आधीच ठरलेली होती, ती जमवण्याचे कष्ट दाखवायला जागा उरली नाही.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती आपणां सीमेवरच्या व परमुलखातल्या मराठी घरांना अधिक लागणारी. हिंदी आवृत्तीत निकितिन हिंदी बोलतो आणि प्रश्न मिटतो. मूळ वहीत तो रशियन लिहिता लिहिता तुर्की, फारसी, अरबी शब्दांत शिरतो, आणि तेही कुठे, तर अगदी मनातले बोलताना, प्रार्थना करताना. वाटेत त्याची पुस्तके लुटली गेली होती. सणवार, उपवास कधी येतात हे त्याला कळेनासे झाले होते. उज्जैनला माझ्या शाळेतली मराठी घरची मुले निबंधात हिंदी आणि माळवी मिसळतात, त्यावर शिक्षकांची लाल शाई फिरते. मी ते निबंध थांबून वाचतो. आजी वारली, वडील रागावले, अशाच ओळींत भाषा बदललेली असते. घरात मराठी आणि ओट्यावर दुसरीच बोली अशा कुटुंबांतल्या वाचकांना हे सांगायला नको.

हे पडद्यावर आणता आले असते का? मला वाटते, आले असते. दोन भाषांत निघालेल्या चित्रपटाने दोन्ही आवृत्त्यांत थोडी थोडी दुसरी भाषा राहू द्यायची होती, प्रेक्षकाला क्षणभर अडखळू द्यायचे होते. प्रोनिन व अब्बास यांनी अडखळण्याची सोयच ठेवली नाही.

निकितिन त्वेरला पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली, आणि तिथल्या लेखनिकांनी ती उतरून घेतली, परक्या शब्दांतल्या प्रार्थनांसकट.