थडग्यावरील एक अक्षर

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या एका भागाविषयी रसिकांत अद्यापही वाद होत असतो. सॅम्युएल पीपल्स यांनी लिहिलेला व जेम्स गोल्डस्टोन यांनी दिग्दर्शित केलेला हा भाग 22 सप्टेंबर 1966 रोजी प्रथम दाखविण्यात आला. वादाचे कारण दिसावयास क्षुल्लक आहे. कथानायक कॅप्टन जेम्स कर्क याच्यासाठी सिद्ध केलेल्या थडग्याच्या शिळेवर त्याच्या नावातील मधले अक्षर ‘आर’ असे कोरलेले दिसते. पुढे मात्र हाच कर्क ‘जेम्स टी. कर्क’ म्हणून जगास परिचित झाला. एका अक्षरासाठी एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ते अक्षर कोरणारा पुरुष त्या क्षणी स्वतःस ईश्वर मानीत असतो, आणि म्हणून हा प्रश्न केवळ नेपथ्यकाराच्या हलगर्जीपणाचा राहत नाही.

कथा अशी : ‘एंटरप्राइझ’ हे यान आकाशगंगेच्या कडेशी एका तेजोमय पडद्यास धडकते. (आकाशगंगेस अशी भिंत नाही, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे, पण ती कवीची सवलत झाली, तिला चूक म्हणणे अरसिकपणाचे होय.) त्या आघाताने कर्कचा जुना मित्र गॅरी मिचेल याचे डोळे रुपेरी होतात व त्याच्या ठायी अलौकिक शक्ती जागी होऊन ती झपाट्याने वाढू लागते. अशा माणसास वेळीच मारून टाकावे, असा स्पॉकचा रोकडा सल्ला. मित्रास मारावे कसे, ही कर्कची व्यथा. अखेर डेल्टा व्हेगा नामक ओसाड ग्रहावर मिचेल मित्रासाठी कबर खणतो, नावाची शिळा उभी करतो आणि त्यास गुडघे टेकून हात जोडावयास भाग पाडतो. ते दृश्य पाहून डॉक्टर एलिझाबेथ डेनर, जिला तीच शक्ती लाभलेली आहे, मिचेलवर उलटते. झुंजीच्या शेवटी त्या कबरीत मिचेलच गाडला जातो.

आता ज्याचा मित्राशी स्नेह विद्यार्थिदशेपासूनचा, ज्याला इतरांचे मन वाचता येते, तो नाव चुकीचे कसे कोरील? मालिकेच्या लेखिका डी. सी. फाँटाना यांनी नमूद केले आहे की, चूक ध्यानात आल्यावर निर्माते जीन रॉडनबेरी यांनी एक उत्तर योजून ठेवले होते : मिचेल देवतुल्य झाला तरी मुळात माणूसच, आणि माणूस चुकतो. पुढे कादंबरीकारांनीही हात धुऊन घेतले. कोणी ते दोघा मित्रांमधील जुन्या थट्टेचे अक्षर ठरविले, कोणी ही घटना समांतर विश्वातील असल्याचे सांगितले. आपल्याकडे ऋषींच्या ग्रंथात पाणिनीच्या नियमास न जुमानणारे रूप आढळले, की टीकाकार त्यास ‘आर्ष प्रयोग’ म्हणून हात जोडतात. भक्ताची ही वृत्ती सर्वत्र सारखीच दिसते.

परंतु येथे आर्षत्वाचा आश्रय घेण्याचे कारणच नाही. हा भाग मालिकेचा दुसरा नमुना-भाग म्हणून 1965 च्या जुलैत चित्रित झाला. त्या वेळी ‘टी’ हे अक्षर कोठेच नव्हते. त्याचा ‘टायबेरियस’ हा विस्तार तर 1974 मधील व्यंगचित्र-मालिकेत प्रथम आला. म्हणजे ‘आर’ कोरले गेले तेव्हा ती चूक नव्हती, मागाहून आलेल्या भागांनी तिला चूक ठरविले. प्रक्षेपणात हा भाग तिसरा लागल्यामुळे आधीच्या भागांत दिसलेले डॉक्टर मकॉय येथे नाहीत आणि त्यांच्या जागी पायपर नावाचे वृद्ध डॉक्टर आहेत, गणवेशही निराळे आहेत. त्याचेही उत्तर हेच.

खरी चूक शोधावयाची तर त्याच शिळेवर, नावाच्या खाली दृष्टी टाकावी. तेथे ‘सी 1277.1 ते 1313.7’ असा ‘स्टारडेट’ या कालगणनेतील आयुष्यकाल दिला आहे. कर्कची पहिली नोंद 1312.4 या दिनांकाची, शेवटची 1313.8 ची. त्यांमधला एक पूर्णांक चार दशांशांचा काळ कथेत फार तर काही दिवसांचा आहे. त्या मापाने 1277.1 रोजी जन्मलेला कर्क वयाने काही महिन्यांचाच ठरेल! शिळा करणाऱ्याने हे अंक वर्षे समजून वजाबाकी केली असावी. छत्तीस वर्षांहून थोडे अधिक, हे वय नायकास शोभणारे आहे. ही विसंगती मात्र पुढच्या कोणत्याही भागावर ढकलता येत नाही. ती याच भागाच्या पोटात आहे.

आणि नवल असे की, दुसरा अंक विलक्षण काळजीने योजलेला आहे. 1313.7 हा कर्कच्या शेवटच्या नोंदीच्या नेमका एक दशांश आधीचा क्षण. एकाच शिळेवर एवढी बेपर्वाई आणि एवढी दक्षता शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

मिचेल अक्षरात चुकला म्हणून तो ईश्वर नव्हे, हा रॉडनबेरींचा युक्तिवाद मला चतुर वाटतो, पण नाटकास तो नको आहे. मृत्यूचा जो दिनांक मिचेलने मित्रासाठी लिहिला, तो त्या मित्राच्या मृत्यूचा ठरलाच नाही. कबरीत उतरला तो लिहिणारा स्वतः. लेखकाने देवपणाचा दावा खोटा पाडला तो येथे, जाणूनबुजून, आणि कोणत्याही अक्षराच्या साहाय्यावाचून. डेनरचे मन पालटते तेही नावाच्या शुद्धाशुद्धतेमुळे नव्हे. शक्ती वाढली, करुणा वाढली नाही, हे तिला दिसते म्हणून पालटते. ‘आर’ला भविष्यसूचक खूण मानणारे रसिक या प्रसंगाचे श्रेय लेखकाकडून काढून एका अपघातास देतात, हा माझा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

2006 पासून या मालिकेची नवसंस्कारित आवृत्ती निघाली, तीत अंतराळातील दृश्ये नव्याने रचण्यात आली. शिळेवरचे ‘आर’ तसेच राहू दिले आहे, आणि ते योग्यच झाले. त्याखालचे 1277.1 ही तेथेच आहे. त्याच्यासाठी मात्र कोणी समांतर विश्व उभारल्याचे माझ्या वाचनात नाही.