जलगंध

सुगंधद्रव्यांचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु चित्र डोळ्यांसाठीं आणि गीत कानांसाठीं असतें, तशी नाकासाठीं जी रचना मनुष्य करतो तिच्यांत हेतु, संयम, अतिरेक व फसवणूक हे गुणदोष नसतात असें मानावयास आधार काय? वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीला स्वतंत्र अध्याय दिला आणि सोळा द्रव्यांतून चार चार निवडल्यास १८२० मिश्रणें होतात हा हिशेबहि मांडला. आपल्याकडे भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं गंगाधराचा ‘गंधसार’ व मराठी टीका असलेला ‘गंधवाद’ हे दोन ग्रंथ हस्तलिखितांतून उजेडांत आणले. सुगंधाविषयीं विचारपूर्वक बोलण्याची सवय मराठीस जुनीच आहे. मध्यंतरीं ती मोडली इतकेंच.

आज विचाराला घेतलेला वर्ग पुरुषांसाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधांपैकीं आहे. त्याचें वर्णन सौम्य, काष्ठगंधी आणि जलीय अशा तीन विशेषणांनीं करण्याची रीत आहे. पहिलीं दोन समजण्यास कठीण नाहींत. तिसरें मात्र नीट पारखून घ्यावें असें आहे.

अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यानें वाचला आहे त्याला ठाऊक असतें कीं, नैयायिकांच्या मतें गंध हा केवळ पृथ्वीचा गुण होय. पाण्याचा विशेष म्हणजे शीत स्पर्श. पाण्याला वास येतो असें जेव्हां वाटतें तेव्हां तो त्यांत मिसळलेल्या पार्थिव अंशाचा असतो. या दृष्टीनें ‘जलगंध’ हा शब्दच वदतोव्याघात ठरेल. आमच्या पूर्वजांना आधुनिक रसायन अवगत होतें असा पोकळ अभिमान येथें मिरवावयाचा नाहीं. पण एवढी एक गोष्ट आजच्या शास्त्राशीं जुळते खरी. शुद्ध पाणी निर्गंध आहे. पहिल्या पावसाच्या वासाला बेअर आणि टॉमस या ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं ‘पेट्रिकोर’ हें नांव दिलें, आणि कोरड्या दगडमातींत मुरलेलीं वनस्पतिज तेलें त्याच्या मुळाशीं असल्याचें दाखविलें. ओल्या मातीच्या वासांतील दुसरें द्रव्य जिओस्मिन. तें मातींतील सूक्ष्म जीव निर्माण करतात. पाणी स्वतः मुकें आहे. ज्याला तें शिवतें तें मात्र बोलूं लागतें.

पाश्चात्य सुगंधकारांनीं ही अडचण निराळ्या वाटेनें ओलांडली. फायझर कंपनीच्या रसायनज्ञांस १९६६ सालीं एक कृत्रिम द्रव्य सांपडलें व तें पुढें ‘कॅलोन’ या नांवानें प्रसिद्धि पावलें. त्याचा वास समुद्रावरील वाऱ्यासारखा आणि थोडा चिरलेल्या टरबुजासारखा असतो. १९८८ सालीं पिएर बूर्दों यांनीं रचलेलें ‘कूल वॉटर’ आणि १९९६ सालचें ‘अक्वा दि जिओ’ यांच्या यशानें पुरुषांच्या सुगंधांत जलीय वर्ग रूढ झाला. यांपैकीं पहिल्याला न्याय द्यावयाचा तर त्याच्या रचनेंतील शिस्त मान्य केली पाहिजे. पुदिना व लॅव्हेंडर यांच्या थंडाव्याखालीं सीडरच्या लाकडाचा कोरडा आधार त्यास आहे, म्हणूनच तें उभें राहतें. त्याच्या मागून जीं असंख्य अनुकरणें आलीं त्यांत मात्र लाकूड पातळ होत गेलें आणि पाणी तेवढें वाढत गेलें. शेवटीं जें उरलें त्यांत ना समुद्र आहे ना नदी. नुकत्याच धुतलेल्या न्हाणीघराचा तो वास आहे.

हा दोष कोणत्या जातीचा हें सांगण्यास आपल्या साहित्यशास्त्राची परिभाषा पुरेशी आहे. आनंदवर्धनानें ध्वनीला काव्याचा आत्मा मानलें. जें मर्म शब्दांत उघड सांगितलें जात नाहीं, सुचविलें जातें, तेंच रसिकाच्या अंतःकरणांत उतरतें, असा त्याचा आशय. शोक झाला असें म्हटल्यानें करुण रस निर्माण होत नाहीं. त्याचप्रमाणें पाणी पाणी असें बाटलीनें ओरडल्यानें तहानलेल्या मनास गारवा मिळत नाहीं. कृत्रिम जलगंध पाण्याला वाच्य करूं पाहतो, आणि पाण्याला तर स्वतःचा वाच्यार्थच नाहीं. तें व्यंग्यच राहिलें पाहिजे. आणि तें सुचविण्याचें काम मुळानें, मातीनें किंवा लाकडानें करावयाचें असतें.

या कसोटीस उतरणारा सुगंध आपल्या घरांत पूर्वींपासून आहे. तो म्हणजे वाळा. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकांत शकुंतलेचा दाह शमविण्यास ज्या उशीराचा लेप लावतात तोच हा. युरोपनें त्याचें नांवहि तामिळ भाषेंतून उचललें, आणि गर्लें या फ्रेंच घराण्यानें १९५९ सालीं त्याच नांवाचा पुरुषांचा सुगंध काढला. एका गवताच्या या मुळ्या कोरड्या हातांत घ्याव्या तर त्यांचा वास अगदीं क्षीण असतो. वऱ्हाडांतील उन्हाळ्यांत दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडलें, किंवा माठांत मुळ्यांची लहानशी जुडी सोडली, कीं मग त्या खऱ्या अर्थानें जाग्या होतात. वास लाकडाचा, मुळांचा आणि मातीचा. पण मनांत उभें राहतें तें पाणी. काष्ठगंध व जलगंध हे येथें दोन निराळे थर नाहींत. एक सांगतो आणि दुसरा त्यांतून सुचतो.

वाळ्याच्या अत्तराची कनोजी कृतीहि याच नात्यावर उभी आहे. तांब्याच्या डेगेंत मुळ्या पाण्यासह तापवितात, बांबूच्या नळींतून वाफ भपक्यांत नेतात, आणि परंपरेप्रमाणें भपक्यांत असलेलें चंदनाचें तेल तो गंध धरून ठेवतें. हल्लीं चंदन महाग झाल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं त्याच्या जागीं निर्गंध खनिज तेल घालतात. हा बदल केवळ हिशेबाचा नव्हे. चंदनावांचून वाळा म्हणजे तंबोऱ्यावांचून ख्याल; स्वर लागतो, पण त्याला बसावयास जागा राहत नाहीं.

हा सर्व वाद ज्याला पुस्तकी वाटत असेल त्यानें बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारास यावें. बसाल्टाच्या खडकावर उल्का आदळून झालेल्या, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराच्या कडेला धारेचें गोडें पाणी पडतें, आणि तळाशीं खारट, अल्कधर्मी सरोवर आहे. दोन्हीकडे पाणीच, पण नाकाला ते दोन निराळे प्रांत आहेत. धारेपाशीं ओला काळा दगड व शेवाळ यांचा गार वास येतो. खालीं उतरावें तों चिंचेचा पाला, पुढें बाभळी, आणि अगदीं कांठाच्या उघड्या चिखलाशीं गंधकाचा उग्र दर्प. तो दर्पहि पाण्याचा नव्हे, त्या चिखलांत चाललेल्या जीवनव्यापाराचा आहे. जून २०२० मध्यें हें पाणी गुलाबी झालें तेव्हां पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें त्याचें कारण क्षारप्रिय सूक्ष्म जीवांत शोधून काढलें, आणि त्याच वर्षीं सरोवराचा रामसर यादींत समावेश झाला.

येथें सुगंधाची टीका केवळ रसिकांची करमणूक राहत नाहीं. ज्या तरुणास पाण्याचा वास बाटलींतूनच कळला तो या कांठीं नाकाला रुमाल लावील, घाण आहे म्हणेल आणि परत फिरेल. जें घाण ठरलें त्याचें रक्षण करावें असें त्यास पुढें कोणत्या तोंडानें सांगावयाचें? वाईट कादंबरी वाचकाला माणसांविषयीं खोटें शिकविते. वाईट जलगंध नाकाला पाण्याविषयीं खोटें शिकवितो.

राहिलें ‘सौम्य’ हें विशेषण. हल्लीं सुगंधाची थोरवी तो किती हात दूर जातो आणि किती तास टिकतो यावर मोजण्याची प्रवृत्ति आहे. पूर्वींच्या बैठकींत अत्तराचा फाया कानाच्या पाळींत खोंवीत. शेजारी बसणारास तो कळे, दारांतून येणारास कळत नसे. उन्हाळ्यांत वाळा आणि थंडींत हिना हा ऋतूचा विवेकहि त्यांत होता. पुरुषाचा सुगंध वेगळा असावा असा आग्रह धरावयाचाच असेल, तर तो या मर्यादेवरून ओळखला जावा. बाटलीवरील निळ्या रंगावरून नव्हे.

काष्ठगंधी जलीय सुगंध रचणारानें म्हणून पाण्याची नक्कल करण्याचा नाद सोडावा. चांगलें लाकूड व चांगलें मूळ घेऊन तीं ओलीं झाल्यासारखीं वाटतील इतकेंच साधावें. तेवढें साधलें तर पाणी न बोलावतां येईल. आणि तें साधलें नाहीं, तर बाटलींत सारा समुद्र ओतला तरी तो कोरडाच राहील.