पुन्हा न पाहवणारी झुंज

करुण रसापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. 'एकच प्याला'तील सिंधूची परवड पाहून डोळे टिपीत घरी गेलेला प्रेक्षक पुढच्या प्रयोगालाही हजर राहतो, याचे नवल आपल्या टीकाकारांनी पुष्कळ केले आहे. या प्रश्नाला एक दुसरी बाजूही आहे. जे एकदा पाहिल्यावर रसिक पुन्हा पाहू धजत नाही, असे दुःख कोणते? आणि त्याच्या त्या नकाराचा अर्थ काय?

हा प्रश्न सुचावयास निमित्त झाले ते अगदी साधे. गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सिलतऱ्यात आम्ही चार मराठी मंडळी जुन्या मुष्टियुद्धांची चित्रणे पाहत बसलो होतो. बाहेर लोखंडाच्या कारखान्यांचा धूर पावसाने खाली दबला होता. एकामागून एक लढती झाल्या आणि महंमद अली व लॅरी होम्स यांची लढत सुरू झाली. तोच आमच्यातील ज्येष्ठ सहकारी उठले. "तुमचं चालू द्या. हे मी एकदा पाहिलंय," एवढे बोलून ते ओसरीवर जाऊन बसले. मुष्टियुद्धाचे एवढे दर्दी गृहस्थ, पण ती लढत संपेपर्यंत आत आले नाहीत.

ही लढत २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगास येथे झाली. अली तेव्हा अडतीस वर्षांचा होता. होम्स हा एके काळी त्याचाच सरावातील जोडीदार. दहा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही परीक्षकांनी दहाही फेऱ्या होम्सला दिल्या. अकराव्या फेरीस अलीला उठू न देता त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबविली. जिंकलेला होम्स पुढे रडला. १९८४ साली अलीच्या कंपवाताचे निदान झाले. आज ते चित्रण पाहणाऱ्याला प्रत्येक ठोशामागे तो कापणारा हात दिसतो.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावूनही आपण आपणच आहोत हे भान वाचकाला राहते आणि आनंद या दुहेरी अवस्थेत असतो, असा तिचा मथितार्थ आहे. ही उपपत्ती येथे लावून पाहिली, तर पहिले उत्तर सहज मिळते. सिंधू मरते, पण पडदा पडल्यावर तिची भूमिका करणारी व्यक्ती उठून उभी राहते. अलीला बसलेला मार मात्र खराच होता. म्हणून विकल्प नाहीसा होतो आणि उरते ती केवळ यातना.

परंतु हे उत्तर पुरे पडत नाही. १९७४ साली किन्शासा येथे जॉर्ज फोरमनने दोरांना टेकलेल्या याच अलीवर जे प्रहार केले, तेही खरेच होते. ते चित्रण लोक शंभरदा पाहतात. कारण आठव्या फेरीत काय होणार हे ठाऊक असल्यामुळे आधीचा प्रत्येक ठोसा त्या अखेरीच्या हिशेबात जमा होतो. शेवट ठाऊक असण्याने तेथे दुःखाला अर्थ येतो. १९८० च्या लढतीला असा शेवट नाही. पहिल्यांदा पाहताना 'अजून तो काही करील' ही आशा असते आणि त्या आशेपायी आपण मार सहन करतो. दुसऱ्यांदा आशा नसते. तेव्हा झुंज उरत नाही, मारहाण तेवढी उरते.

येथे आणखी एक भेद करावयास हवा. २०१४ च्या इंचॉन येथील आशियाई स्पर्धेत उपान्त्य फेरीत परीक्षकांनी सरिता देवीविरुद्ध कौल दिला आणि तिने कांस्यपदक गळ्यात घालून घेण्याचे नाकारले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे व पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीच्या निकालावरून असेच वादळ उठले. या लढतीही चाहत्यांना सलतात. पण त्या ते टाळीत नाहीत. उलट गती मंद करकरून पाहतात, कारण त्यांना काहीतरी सिद्ध करावयाचे असते. अन्यायाचे दुःख पुरावा मागते. देहाच्या नाशाचे दुःख काहीच मागत नाही, आणि म्हणून त्याच्यापुढे बसवत नाही.

ही दोन्ही दुःखे एकत्र आणणारी एक कृती आपल्याजवळ आहे. ती म्हणजे भासाच्या नावावर असलेले 'ऊरुभंग'. गदायुद्धातील निषिद्ध प्रहार हा अन्याय, आणि मोडलेल्या मांड्यांनी भुईवर सरपटणारा दुर्योधन हा देहाचा नाश. भीम व दुर्योधन दोघेही बलरामाचे शिष्य, जसे अली आणि होम्स एकाच सरावशाळेतले. नाटककाराने काय केले ते पाहण्यासारखे आहे. प्रत्यक्ष युद्ध त्याने रंगमंचावर आणलेच नाही. तीन सैनिक ते पाहतात आणि आपल्याला सांगतात. भरताच्या नाट्यशास्त्रात अंकामध्ये युद्ध दाखविण्यास मनाई आहे, पण भरताने मरणही वर्ज्य मानले असता या नाटकात दुर्योधन प्रेक्षकांसमोर मरतो. तेव्हा केवळ नियमासाठी प्रहार झाकला असे म्हणता येत नाही. प्रहार झाकला आणि त्याचा परिणाम मात्र उघडा ठेवला. अन्यायाने संतापलेल्या बलरामाला शांत करतो तो खुद्द दुर्योधन. लहानगा दुर्जय बापाच्या मांडीवर बसू पाहतो, पण ती मांडीच आता नाही. शोधीत येणारे आईबाप तर एक आंधळा आणि दुसरीच्या डोळ्यांवर पट्टी. ज्यांना पाहता येत नाही, त्यांच्याच समोर नाटककाराने ते दुःख मांडले आहे. हे नाटक आपण पुन्हापुन्हा वाचू शकतो, कारण आपल्या आणि त्या प्रहाराच्या मध्ये कोणीतरी उभे राहून तो आधी स्वतः सोसला आहे.

तथापि न पाहण्याचे समर्थन एवढ्यावर करून मोकळे होता येणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मेजावर कामगारांच्या अपघातांचे कागद येतात. 'उजवा हात, कोपराखाली' एवढ्या अक्षरांत एक संसार मावतो. हेही न पाहिलेल्या प्रहाराचे कथनच आहे. पण येथे सांगणाऱ्याने काही सोसलेले नसते, म्हणून वाचणाऱ्यालाही काही सोसावे लागत नाही, आणि कागद पुढे सरकतो. 'ऊरुभंगा'तील सैनिक आणि माझ्या मेजावरील कागद यांतले अंतर साहित्य आणि नोंद यांतले अंतर आहे, असे मला वाटते.

लढत संपल्यावर आमचे सहकारी आत आले आणि त्यांनी १९८० च्या त्या रात्रीविषयी अर्धा तास सांगितले. कोणत्या फेरीत अलीचे हात खाली आले, होम्स पंचाकडे कसा पाहत होता, डंडी केव्हा पुढे झाला, सर्व त्यांना पाठ होते. पडद्यावर ते सारे आम्ही नुकतेच पाहिले होते. परंतु ते आम्हांला कळले, ते त्यांच्या तोंडून ऐकताना. पुन्हा पाहण्यास नकार देणारा हा रसिक त्या लढतीकडे पाठ फिरवून बसला होता असे म्हणवत नाही. तिचे सांगणे त्याने आपल्याकडे घेतले होते.